ओढ्यावरचा कठडा

डोंबिवलीच्या एमआयडीसीत पंप बनवणारं एक लहान वर्कशॉप होतं. तिथे मी सव्वीस वर्षं ड्रॉइंगं काढली, आधी बोर्डावर आणि नंतर कॉम्प्युटरवर. मालक, मी, दोन टर्नर, दोन फिटर आणि भातकापणी संपली की दिवाळीनंतर येणारे चार-पाच हंगामी कामगार, एवढाच आमचा पसारा. त्या हंगामी लोकांत मुरबाडच्या पुढचा, घाटाच्या कड्याखालच्या एका वाडीतला एक माणूस दर वर्षी यायचा. पस्तिशीचा असेल. बोलणं अगदी कमी. पंप उचलून टेस्टिंगच्या टाकीपाशी न्यायचे आणि पाइप जोडून द्यायचे, हे त्याचं काम.

एकदा टेस्टिंग चालू असताना लाइट गेली. वरच्या टाकीत चढलेलं पाणी त्याच पाइपातून खाली आलं आणि बंद पडलेला पंप उलटा फिरायला लागला. आमच्या लेखी हा दोष. असं होऊ नये म्हणून पाइपात झडप बसवतात, ती त्या दिवशी राहून गेली होती. मी फिटरला त्यावरून बोलत होते, तेवढ्यात हा माणूस शेजारी येऊन उभा राहिला.

“बाई, लाइट नसताना ह्यो फिरतोय,” तो म्हणाला.

वरून पाणी पडलं की फिरणारच, असं मी म्हटलं. तो बराच वेळ पंपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आमच्याकडं वरूनच पडतं.”

त्याच्या वाडीत वीज नव्हती. विजेचे खांब पायथ्याच्या गावापर्यंत येऊन थांबले होते आणि वाडी तिथून दीड तासाच्या चढणीवर. कुणीतरी मध्ये सोलरचे दिवे दिले होते. पण त्या कड्याखाली पावसाळ्याचे चार महिने ऊन म्हणून पडत नाही. दोन पावसाळ्यांत बॅटऱ्या मेल्या. म्हणजे घराबाहेर पाय टाकायची पंचाईत असते, विंचू-साप घरात शिरतात, नेमका तेव्हाच अंधार. आणि नेमकं तेव्हाच वाडीच्या वरच्या अंगाने ओढा धो-धो वाहतो, तो पार जानेवारीपर्यंत.

पंप उलटा चालवला की त्याचं टर्बाइन होतं आणि त्याची मोटर वीज देऊ शकते, हे मी डिप्लोमाला परीक्षेपुरतं शिकले होते. एवढ्या वर्षांत तसं ड्रॉइंग माझ्याकडे कुणी मागितलं नव्हतं. मी घरी जाऊन आकडे मांडले. माझा नवरा शाळेत गणित शिकवायचा, त्याने ते तपासले. जमण्यासारखं आहे म्हणाला, फक्त तेवढे पाइप वर कोण नेणार, असं विचारलं.

वाडीने नेले. मालकांनी गिऱ्हाइकाकडून परत आलेला एक पंप दिला, मी रविवारी कल्याणहून मुरबाडची एसटी पकडून जायला लागले आणि उन्हाळाभरात काम उभं राहिलं. ओढ्यात वरच्या बाजूला दगड-सिमेंटचा कमरेएवढा बंधारा. त्यातून निघणारा पाइप उतारावरून खाली पत्र्याच्या शेडपर्यंत, शेडमध्ये पंप. पाइपाच्या तोंडाशी पालापाचोळा अडवायला लोखंडी जाळी. एकवीस घरांना प्रत्येकी दोन बल्ब आणि मोबाइल लावायला एक पिन, एवढी वीज होणार होती. दिवे लागलेले नसताना जी वीज उरेल ती कुठेतरी जिरवावी लागते, नाहीतर मशीन बेफाम पळतं. म्हणून शेडबाहेर पिंपात पाणी तापवायची कॉइल सोडली होती.

माझ्या ड्रॉइंगमध्ये आणखी एक गोष्ट होती. बंधाऱ्यावर, जाळीच्या बरोबर वर, लोखंडी फळी आणि तिला दोन्ही बाजूंनी कठडा. जाळीत पाला अडकला की माणसाने पाण्यात न उतरता फळीवर उभं राहून दाताळ्याने तो ओढून काढावा, यासाठी. मे संपत आला तेव्हा बाकी सगळं झालं होतं आणि फळी राहिली होती. ढग जमायला लागले होते. वाडीतल्या लोकांना शेताकडे बघायचं होतं. मी म्हटलं, हे पुढच्या वर्षी करू. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

मशीन सांभाळायचं कुणी यावर वाडीत बैठक झाली. पुरुष भात झालं की कामाला बाहेर पडतात, त्यामुळे बाईच हवी होती. सगळ्यांनी एकमताने त्या कामगाराच्याच बायकोचं नाव घेतलं. ती सातवीपर्यंत शिकलेली होती आणि वाडीत तिचा शब्द चालायचा. अंगाने बारीक, पण चालायला लागली की मला धावावं लागायचं. मीटर वाचायला ती अर्ध्या तासात शिकली. व्हॉल्व्ह कधी किती उघडायचा, पट्टा सैल झाला तर आवाज कसा बदलतो, बल्ब पिवळे पडले तर पहिल्यांदा जाळी बघायची, हे सगळं तिने मुलीच्या शाळेच्या वहीत उतरवून घेतलं. जाळीपाशी फळी नाही, जपून उतर, असं मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हापासून याच ओढ्यावर येते, मी काय पडते.

जूनच्या शेवटी दिवे लागले. मी तिथे होते. मोठा गाजावाजा काही झाला नाही. लोक एकमेकांच्या घरात डोकावून आले आणि मग आपापल्या घरी जाऊन जेवायला बसले. बायकांना दिव्यांपेक्षा पिंपातल्या गरम पाण्याचंच जास्त कौतुक. भाताच्या आवणीच्या चिखलातून येऊन त्या शेडपाशी हात-पाय शेकत उभ्या राहायच्या, हंडे भरून न्यायच्या. वाडीत तिला सगळे मशीनवाली म्हणायला लागले. नवऱ्यालाही कुणी विचारलं तर तो म्हणायचा, मशीनवाली वर गेलीय.

दर बुधवारी दुपारी ती मला फोन करायची. वाडीच्या टोकाला एक खडक आहे, फक्त तिथेच रेंज यायची. आधी मीटरचे आकडे सांगायची, मग घरचं. मुलगी पायथ्याच्या आश्रमशाळेत होती, तिचं बोलायची. एकदा मुलीला डोळे तपासायला घेऊन डोंबिवलीला आमच्याकडे राहिली. त्या संध्याकाळी आमच्या बिल्डिंगची लाइट गेली. मी मेणबत्ती शोधत होते, तर ती गॅलरीत उभी राहून खाली बघत म्हणाली, “ताई, तुमची जाळी कोण साफ करतं?” आम्ही दोघी हसत सुटलो. माझ्या नवऱ्याला काही कळेना.

दुसऱ्या वर्षीही फळी झाली नाही. याला कारण सांगायचं तर माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नाही. नवऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं, हे खरं, पण ते दोन महिन्यांत आटोपलं. खरं असं की मशीनची बातमी पसरली होती. आजूबाजूच्या दोन वाड्यांतले लोक मला भेटायला आले, वर्कशॉपमध्ये माझ्याकडे लोक वेगळ्या नजरेने बघायला लागले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पंपांची ड्रॉइंगं काढलेल्या बाईला ते गोड वाटलं. मी नव्या वाड्यांच्या ड्रॉइंगला बसले. जुन्या वाडीत काय राहिलंय ते मला माहीत होतं. पण तिथे सगळं नीट चाललं होतं, आणि नीट चाललेल्या कामाकडे माणूस वळून बघत नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात, श्रावणात, ठाण्याच्या नौपाड्यातली काही सेवाभावी मंडळी ते मशीन बघायला यायला तयार झाली. त्यांना पसंत पडलं तर पुढच्या दोन वाड्यांचं काम मार्गी लागणार होतं. गुरुवारी सकाळी निघायचं ठरलं. बुधवारी दुपारी तिचा नेहमीप्रमाणे फोन आला.

मी आधी पाहुण्यांचं सांगितलं. तिने आकडे वाचले. व्होल्टेज बरंच खाली होतं. दोन दिवस वारा आहे, ती म्हणाली, पाला लई येतोय, जाळी भरलीय. वरती पाऊस धरून आहे, पाणी वाढलंय. उद्या उतरलं की साफ करते.

मी म्हटलं, “अगं, उद्या दहाला ते लोक पोचतील. त्यांना पिवळे दिवे दाखवायचे का? आजच करून टाक.”

ती म्हणाली, बरं ताई, करते. पुढे आणखी एक-दोन वाक्यं बोलली आणि फोन ठेवला. मी डबा उघडला आणि जेवले.

गुरुवारी आम्ही दोन गाड्यांतून निघालो. मंडळींनी पायात चांगले बूट घातले होते, थर्मासमधून चहा घेतला होता. पायथ्याच्या गावात पोचलो तर रस्त्याच्या कडेला वाडीतले दहा-बारा पुरुष बसलेले. मधे बांबू आणि घोंगडीची डोली होती, रिकामी. मला वाटलं, कुणी आजारी असेल. एवढ्यात तो दिसला, तिचा नवरा. डोक्यावर फडकं, गुडघ्यांत हात. मला बघून उठला.

“बाई,” तो म्हणाला, “पाहुने आले का?”

मग बाकीच्यांनी सांगितलं. काल दुपारी ती जाळीपाशी उतरली होती. वाडीवर तेव्हा पाऊस नव्हता, पण घाटमाथ्यावर जोराचा झाला असणार. लोंढा आला. संध्याकाळच्या आत ती सापडली, बंधाऱ्याच्या खाली एका वळणावर, उंबराच्या मुळांत. पोलीस येऊन गेले, पहाटे तिला डोलीतून खाली आणलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. आता तिला परत आणायची गाडी यायची होती. मला कळवायला माझा नंबर कुणाकडे नव्हता. तो तिच्या फोनमध्ये होता.

नौपाड्याच्या मंडळींतले एक वृद्ध गृहस्थ त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले. मग ते सगळे गाड्यांत बसून परत गेले. मी थांबले.

दुपारी तिला आणलं. चार जणांनी डोली उचलली आणि मी मागून चढले. वाडी दिसायला लागली तेव्हा पहिल्यांदा दिसले ते दिवे. भर दुपारी एकवीसच्या एकवीस घरांत बल्ब जळत होते, पांढरेशुभ्र. मशीन बंद करायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि लोंढ्याने जाळी आपली आपणच धुऊन काढली होती. एवढा चांगला उजेड त्या मशीनने कधीच दिला नव्हता.

बायका शेडपाशी गेल्या आणि पिंपातलं गरम पाणी हंड्यांत भरून घेऊन आल्या. त्या पाण्याने त्यांनी तिला न्हाऊ घातलं. मी एक हंडा उचलायला गेले, तर एकीने हळूच तो माझ्या हातून काढून घेतला. रागाने नाही. मला ते वजन झेपणार नाही असं तिला वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी चौकीवर जबाब झाला. जमादाराने लिहिलं, जाळी साफ करताना पाय घसरून पाण्यात पडून मृत्यू. मी त्याला सांगितलं, माझ्या ड्रॉइंगमध्ये तिथे कठडा होता, तो मी बांधला नाही, हे लिहा. तो भला माणूस होता. म्हणाला, मॅडम, ओढ्याला कठडा असतो का कुठे? त्याने लिहिलं नाही. मी दोनदा आग्रह केला. पण फोनवर तिला काय सांगितलं ते मी त्याला सांगितलं नाही. वाडीतही नाही, घरीही नाही. कठड्याचं मात्र मी भेटेल त्याला सांगत सुटले, आणि लोक माझी समजूत काढत राहिले. एक चूक मोठ्याने कबूल केली की दुसरी झाकता येते, हे मला तेव्हा कळलं.

तिच्या नवऱ्यालाही मी तेच सांगायला गेले, तिच्या दहाव्याच्या दिवशी. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, पंप उलटा फिरतो हे मीच तुम्हाला दाखवलं बाई. मी दाखवलं नसतं तर तुम्ही कशाला आल्या असत्या. परतीच्या एसटीत मला कळलं की मी त्याच्याकडे माझं ओझं उतरवायला गेलेले आणि येताना त्याच्याच डोक्यावर ठेवून आले होते. घरी नवऱ्याला हे सांगितलं. तो एरवी मला फार जपून बोलतो. त्या दिवशी म्हणाला, “तुला शिक्षा हवी आहे. ती त्या माणसाने का द्यायची?”

वर्कशॉपमधल्या लोकांनी माझ्या ड्रॉइंगवरून फळी आणि कठडा बनवला. दोन दिवस लागले. सुटे भाग टेम्पोने पायथ्याला नेले आणि वाडीतले लोक ते भर पावसात खांद्यावरून वर घेऊन गेले. सकाळी बसवायला सुरुवात केली. चार वाजता शेवटचा बोल्ट आवळला. दोन वर्षं जे काम पुढच्या वर्षीवर गेलं होतं ते एका दिवसात झालं. सगळे बाजूला झाल्यावर तिचा नवरा फळीवर चढला. त्याने कठड्यावर सगळा भार टाकला, दोन्ही हातांनी तो गदागदा हलवून पाहिला. “पक्का हाय,” म्हणाला, आणि शेताकडे निघून गेला.

मशीन पुन्हा चालू करावं की नाही यावर वाडीत मतभेद होते. म्हाताऱ्यांना ते नको होतं. पण पाऊस अजून दीड महिना होता, एक पोर बाळंत व्हायची होती, अखेर चालू केलं. दोघा जणांनी आळीपाळीने सांभाळलं. त्यानंतर दोन पावसाळे ते चाललं आणि मग सरकारी खांब वर आले. पंप काढून ठेवला. कॉइलचं पिंप कुणीतरी गुरांना पाणी प्यायला ठेवलं. नौपाड्याच्या मंडळींनी मला दोनदा निरोप पाठवला, त्या दोन वाड्यांचं विचारत. मी उत्तर दिलं नाही. त्या वाड्या नंतर किती दिवस अंधारात राहिल्या ते मी कधी विचारलं नाही. हाही दोष माझाच. तिचा नवरा आमच्या वर्कशॉपला पुन्हा आला नाही.

तिची मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. शाळा संपल्यावर ती नर्सिंगला ठाण्यात आली, होस्टेलवर राहायला लागली. तोवर मी निवृत्त होऊन आम्ही ठाण्यातच बाळकुमला राहायला आलेलो. वडिलांनी तिला आमचा पत्ता दिला होता. महिन्यातून एखाद्या रविवारी ती बस पकडून यायची, जेवायची, माझ्या नवऱ्याकडून औषधांच्या डोसाची गणितं समजून घ्यायची. निघताना वाकून नमस्कार करायची आणि “येते” म्हणायची. आईचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. माझ्या मनात मी त्या टाळण्याला तिच्यावरची माया म्हणायचे.

गेल्या वर्षी ती मंगळवारी आली. सकाळची ड्यूटी करून थेट, युनिफॉर्ममध्ये. माझा नवरा घरी नव्हता. पाणी दिलं, ते तिने तसंच ठेवलं. मग म्हणाली की बाबा आता थोडं थोडं बोलायला लागलेत. त्यांनी सांगितलं, त्या दिवशी आई खडकावरून फोन करून आली आणि लगेच दाताळं घेऊन गेली. भाकरी वाढलेली होती. जेवून जा म्हटलं, तर येऊन जेवते म्हणाली.

“बाबांना वाटतं, ती तशीच घाईची होती,” मुलगी म्हणाली. “पण ती घाईची नव्हती. मला माहितीये. तुमचं काय बोलणं झालेलं?”

इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते आणि रोज तो टळला म्हणून सुटकेचा श्वास सोडत होते. मी तिला सांगितलं. पाहुण्यांचं, व्होल्टेजचं, पिवळ्या दिव्यांचं. उद्या करते म्हणाली होती आणि मी आजच कर म्हटलं, ते. सांगता सांगता मी माझ्याबद्दल बोलायला लागले, मला किती वेळा वाटलं की सांगावं, मला त्या लोकांसमोर कसं दिसायचं होतं. तिने हात वर केला.

“परत सांगा,” ती म्हणाली. “तिचे शब्द सांगा. तुमचे नको.”

मी डोळे मिटले. ते शब्द मला पाठ होते.

“बरं ताई, करते. त्यांना म्हणावं बूट घालून या, चपला टिकणार नाय. आणि तुम्ही छत्री नका आणू, वाऱ्यात राहत नाय. तुमच्यासाठी इरलं ठेवलंय मी.”

मुलीने ते पुन्हा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा ती स्वतःच ओठातल्या ओठात म्हणत होती, आईच्या हेलात. ठाण्यात राहून तिची भाषा आमच्यासारखी झालेली, पण ती वाक्यं म्हणताना तो सगळा वाडीचा सूर परत आला. ती रडली नाही. थोड्या वेळाने उठली, बॅग खांद्याला लावली, दारात बसून चपला घातल्या. मी जेवून जा म्हणणार होते, पण ते वाक्य मला म्हणता आलं नाही.

दारात तिने माझ्याकडे बघितलं. नमस्कार केला नाही.

“जाते,” म्हणाली.

आमच्यात निघताना कुणी असं म्हणत नाही. तिच्या वाडीतही म्हणत नाहीत. लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला तरी मी उंबऱ्यात उभी होते. नवरा भाजी घेऊन परतला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. तो पिशवी खाली ठेवून सोफ्यावर बसला, आणि टीपॉयवर तिच्यासाठी ठेवलेलं पाणी भरलेलं बघून त्याने ते स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

त्यानंतर ती आलेली नाही. तिची परीक्षा झाली, ती पास झाली, कल्याणला एका दवाखान्यात लागली, हे तिच्या वडिलांनी फोन करून कळवलं. त्यांनी मला तब्येत विचारली. मुलीने त्यांना काही सांगितलंय की नाही, हे त्यांच्या आवाजावरून मला कळलं नाही, आणि विचारण्याची हिंमत झाली नाही.